कॉम्प्युटरची कळशी

आमच्या घरात पटकन विश्वास ठेवणं हा बावळटपणा समजला जायचा. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल नाकारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आणि ते त्यांनी अगदी मन लावून केलं. निवृत्त झाल्यावर कारखान्याचा माल संपला, पण सवय राहिली. दूध, तूरडाळ, नवीन छत्री, घरात आलेली कुठलीही वस्तू ते चष्मा कपाळावर चढवून न्याहाळायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." आई काही वेगळी नव्हती, फक्त ती बोलून दाखवत नसे. आणि मी या दोघांची एकुलती एक मुलगी, तेव्हा माझ्यात काय उतरलं असेल ते वेगळं सांगायला नको.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही डोंबिवलीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो आणि मी हॉलच्या कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरवर आर्किटेक्ट लोकांचे नकाशे काढून द्यायचे. नकाशे नसले की लग्नपत्रिका. कॉम्प्युटर माझ्या स्वतःच्या कमाईचा होता, दुकानात पार्ट निवडून जोडून घेतलेला. दुकानदार बोलता बोलता नवा पार्ट काढून जुना बसवतात असं बाबांनी कुठेतरी ऐकलेलं. त्यामुळे आम्ही बापलेक काउंटरला चिकटून दोन स्टुलांवर बसलो आणि शेवटचा स्क्रू पिळेपर्यंत उठलो नाही. बाबांनी माझी नेलपॉलिशची बाटली खिशात घालून आणली होती. प्रत्येक पार्ट आत जाण्याआधी ते त्याच्यावर लाल ठिपका देत होते.

दुकानदार म्हणाला, "काय काका, लग्न लावताय काय मशीनचं?"

"कोणी पळवून नेऊ नये म्हणून कुंकू लावतोय," बाबा म्हणाले, आणि पुढचा ठिपका दिला.

त्या काळात ठाण्याजवळच्या बाळकुमला शेतं जाऊन कॉम्प्लेक्स उभे राहायला लागलेले. ठाण्यातल्या एका आर्किटेक्ट बाईंकडे मी अधूनमधून काम द्यायला जायचे. त्यांनी एकदा मला बसवून घेतलं आणि विचारलं, इमारत बांधून व्हायच्या आधीच लोकांना तिच्यातून फिरवून आणणारी फिल्म कॉम्प्युटरवर बनवशील का? गेटातून आत, बागेवरून, लिफ्टने वर, मग बाल्कनीतून खाडी. त्या बाल्कनीतून खाडी खरंच दिसणार होती का, ही शंका मला तिथेच आलेली, पण मी ती गिळली. कारण बाईंचं पुढचं वाक्य असं होतं, "आधी घरी नमुना करून दाखव, जमलं तर माझ्या ऑफिसची मागची खोली तुझी. मशीन घेऊन ये. दसऱ्यापर्यंत वाट बघते, मग दुसऱ्या कोणाला तरी देईन."

रात्री-अपरात्रीही मशीनवर लक्ष ठेवावं लागणार होतं, ते डोंबिवलीहून जाऊन-येऊन जमणारं नव्हतं. कॉम्प्युटरच्या कोर्सला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण ठाण्यात खोली घेऊन राहायची. तिच्याकडे एक कॉट रिकामी होती. मी घरी येऊन सगळं एका दमात सांगितलं, कॉटसकट. आई ताटातल्या भाताकडे बघत राहिली. बाबा एवढंच म्हणाले, "मशीन झेपेल का तुझं?"

खरा प्रश्न तोच होता. असल्या फिल्मसाठी कॉम्प्युटरला दिवसचे दिवस थांबल्याशिवाय गणितं करावी लागायची, आणि आमच्या तापलेल्या स्लॅबखाली माझं मशीन दुपारी दोन पत्रिका केल्या तरी हँग व्हायचं. वेगवान मशीन परवडणारं नव्हतं. पण सायबर कॅफेत एका परदेशी हौशी माणसाचं पान मला सापडलं. माझ्याकडे होती तीच स्वस्तातली चिप त्याने दीडपट वेगाने पळवली होती आणि ती जळू नये म्हणून तिच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवून त्यातून पाणी खेळवलं होतं. माशांच्या टाकीचा पंप, रबरी नळ्या, गाडीचा छोटा रेडिएटर. मी ती पानं छापून आणून बाबांच्या पुढ्यात टाकली.

"विजेत पाणी?" आई म्हणाली. "वेड लागलंय का तुम्हाला?"

बाबांनी पानं दोनदा वाचली. इंग्रजीतल्या चुका पेन्सिलने दुरुस्त केल्या. मग म्हणाले, "हा माणूस गबाळा आहे. करायचं तर नीट करू."

आणि त्यांनी जे आरंभलं ते बघून मीच घाबरले. ग्राफ पेपरवर आमच्या घराचा छेद काढला. रेडिएटर गॅलरीत लटकणार, त्याच्यामागे एक्झॉस्टचा पंखा, भिंतीला भोक पाडून नळ्या आत, मध्ये पाणी बंद करायला कॉक, चिपच्या शेजारी थर्मामीटर. सोसायटीची टाकी साफ करताना कोणी एवढा विचार केला नव्हता. ठोकळा त्यांनी गॅलरीत वाइस लावून, त्यात घट्ट पकडून स्वतः कानशीने घासला. त्यांना इतकं खुशीत मी निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

रेडिएटर आणायला आम्ही कळव्याला एका जुन्या गॅरेजमध्ये गेलो. मालक तिथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याने आमच्या पायांकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "गारी नाय, तं रेडिएटर कनाला गो पोरी?"

"कॉम्प्युटरला," बाबा म्हणाले.

त्याने बाबांकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. "न्या. पन हितंच तपासून घ्या. मंग बोलाल, कलव्याच्यांनी फसवला." बाबांनी त्याच्याच ड्रमात रेडिएटर बुडवून, एका तोंडाने हवा फुंकून, बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. तरी बाबा येताना म्हणाले, "एवढ्या सहज दिला म्हणजे काहीतरी असणार."

राहिली पाण्याची टाकी. पाणी जिथे जिथे लागेल तिथे तांबंच हवं, नाहीतर एक धातू दुसऱ्याला खातो, असं बाबांचं म्हणणं. आईने घरातली तांब्यापितळेची भांडी कधीच मोडीत देऊन स्टील घेतलं होतं. एक तांब्याची कळशी तेवढी माळ्यावर उरली होती, तिच्या लग्नातली. ती आम्ही खाली काढली. आईने चिंच लावून ती अशी घासली की तिच्यात तोंड दिसायला लागलं. पंप त्या कळशीत बसला.

मग बाबांनी अट घातली. आधी कॉम्प्युटरशिवाय टेस्ट. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून त्यावर कळशी, शेजारी स्टुलावर रेडिएटर, ठोकळा एका परातीत, आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र, म्हणजे थेंब पडला की दिसेल. पंप दिवसभर चालवायचा. रात्री बाबा स्वतः प्लग काढून ठेवणार, कारण झोपलेल्या घरात मोटर चालू ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. झोपताना स्टीलची पट्टी बुडवून पातळी बघायची आणि सकाळी अंघोळ झाल्यावर पुन्हा. आठवडाभर पातळी हलली नाही तर पाणी मशीनमध्ये. हलली तर नाही. म्हणजे माझी ठाण्याची खोली, बाळकुमची फिल्म, मैत्रिणीकडची कॉट, सगळं त्या पट्टीवर येऊन ठेपलं.

पहिल्याच सकाळी बाबा पट्टी हातात धरून म्हणाले, "कमी आहे. रिजेक्ट."

वर्तमानपत्र कोरडं होतं. परात कोरडी होती. मी जमिनीवर आडवी पडून प्रत्येक सांधा बोटाने चाचपला. ओल कुठेच नव्हती. आम्ही क्लिपा आवळल्या, पाणी पुन्हा भरलं, आठवडा पुन्हा सुरू केला. दुसऱ्या सकाळी तेच.

"मशीन पाणी पितं म्हणता, मग कमी होणारच," आई म्हणाली. आम्ही दोघं तिच्या अज्ञानाला हसलो.

मग संशयाला घरात मोकळं रान मिळालं. आधी मी कळव्याच्या माणसावर घेतला. मग माशांच्या दुकानदारावर, त्याने वापरलेला पंप पुसून दिला असणार. मग पाणी उडून जातंय असं वाटलं म्हणून स्टीलच्या पातेल्यात तेवढंच पाणी शेजारी ठेवलं. पातेलं भरलेलंच, कळशी उणी. मी कळशी उपडी करून तिच्या बुडाला कान लावला. शेजारच्या काकू डोकावून गेल्या आणि आईला विचारत्या झाल्या की मुलीचं सगळं ठीक आहे ना.

दसरा जवळ येत होता. बाईंचा फोन शेजारी आला तेव्हा मी म्हटलं, टेस्टिंग चालू आहे. खोटं नव्हतं ते, पण फोन ठेवताना माझे कान तापले होते.

आणि एका सकाळी, बाबा पट्टी बुडवत असताना, मी पट्टीकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. मला दिसलं ते असं की त्यांनी आकडा बघण्याआधीच "कमी आहे" म्हटलं.

मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, कोणीतरी पाणी काढतंय."

"कोण काढणार? उंदीर?" बाबा म्हणाले, जरा जास्तच चटकन.

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर माझं डोकं तेच कातत राहिलं. ज्या माणसाने बॉलपेनची रिफिलसुद्धा कागदावर गोल काढल्याशिवाय घेतली नाही, तो ह्या चमत्काराने चिडत कसा नाही? गळती सापडत नाही तर त्याची झोप उडायला हवी. हे गृहस्थ वरणभात दोनदा मागून घेत होते. मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्या चहात मी साखर घालायची विसरले आणि ते तेही बोलले नाहीत. म्हणजे खात्रीच झाली.

विचारून ते कबूल करणार नव्हते. पकडायला हवं होतं. बाथरूममध्ये नीळ होती, बाबांच्या पांढऱ्या शर्टांसाठी आई वापरायची ती पातळ नीळ. जेवणं झाली, बाबांनी पट्टी बुडवून प्लग काढला आणि ते हात धुवायला गेले, तेवढ्यात मी अर्धी बाटली कळशीत रिकामी केली. काढा आता पाणी. बेसिनमध्ये ओता, कुंडीत ओता, कुठेही ओता, निळं झाल्याशिवाय राहणार नाही. मी समाधानाने झोपले.

जाग आली ती आईच्या किंकाळीने.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली होती. ट्यूबलाइट लावलेली. पुढ्यात फुलपात्र, आणि फुलपात्रात निळंशार पाणी. "कळकलं गं," ती म्हणाली. "कळकलं. मी यांना विष पाजलं."

मला काही कळेना. तिने हुंदक्यांमधून सांगितलं तेव्हा कळलं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी सकाळी अनशापोटी घेतलं की गुडघे हलके होतात, हे तिला माहेरपासून ठाऊक. घरात तांब्याची एकच वस्तू, ती आम्ही अडवून ठेवलेली. मग ती रोज सगळ्यांच्या आधी उठून कळशीतून एक फुलपात्र काढायची आणि बाबांना अंथरुणातच नेऊन द्यायची. कुठलं ते सांगायची नाही, कारण मशीनचं पाणी म्हटलं तर त्यांनी घेतलं नसतं. "वरून पाणीसुद्धा घातलं नाही गं, तुमचं मोजमाप बिघडेल म्हणून. मला वाटलं, ते मशीन पितंच आहे, त्यात एक फुलपात्र आपलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. मी कळव्यापर्यंत जाऊन आले होते.

"आई, ती नीळ आहे," मी म्हटलं. "रात्री मी टाकली."

"मला समजावू नकोस. तांबं असंच निळं-हिरवं होतं. माझ्या आत्याकडे कल्हई गेलेल्या भांड्यातलं ताक पिऊन सगळं घर ओकत होतं, मी बघितलंय."

तोवर बाबा येऊन दारात उभे राहिले होते. त्यांनी खाली वाकून फुलपात्रात बोट बुडवलं, वास घेतला, बोट बनियनला पुसलं. "नीळच आहे. ऊठ तू."

"आजचं नीळ असेल. कालचं? परवाचं? इतके दिवस पाजतेय मी तुम्हाला. तेही कळकलेलंच असणार, तुम्हाला काय कळतंय!" तिला धाप लागली होती. "तू खाली जाऊन रिक्षा बघ. डॉक्टरांना उठवू. अगं उभी काय राहिलीस, जा!"

ती ऊर बडवायला लागली आणि बाबांनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांनी तिचे हात धरलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते.

"ऐक माझं. कालपर्यंतचं पाणी चांगलं होतं. कळकलेलं नव्हतं. रबराचा वास होता त्याला, आणि ठोकळ्याला डाग देताना लावलेल्या राळेची जरा चव. बाकी काही नाही. मी रोज आधी जिभेवर घेऊन बघत होतो. पहिल्या दिवसापासून बघतोय."

आईचा विश्वास बसला. तिची धाप कमी होताना मला दिसली आणि मग ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

"म्हणजे पाणी कुठून येतंय ते तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

बाबांनी आईचे हात सोडले नाहीत.

"माहीत होतं आणि रोज सकाळी पट्टी बुडवून रिजेक्ट म्हणत होतात? मी जमिनीवर लोळून सांधे चाचपतेय, आणि तुम्ही बघताय? का बाबा?"

"अगं..." ते म्हणाले. "ठाण्याला जाऊ नको असं मला म्हणता येईना. लहानपणापासून तुला कधी नाही म्हटलेलं नाही मी. सवय नाही. म्हटलं, पाणीच कमी होतंय आपलं आपण. होऊ दे."

जगाला आयुष्यभर नाही म्हणत आलेला माझा बाप, मला एकदा नाही म्हणावं लागू नये म्हणून रोज सकाळी जुन्या गाडीच्या रेडिएटरचं पाणी पीत होता. हे आज लिहिताना कळतं. त्या सकाळी मात्र मला नुसता संताप आला. मला फसवलं म्हणून आला, आणि इतकं वेड्यासारखं प्रेम केलं की मला आता भांडताही येईना, म्हणून जास्तच आला. हॉलमध्ये जाऊन मी कळशी उचलली आणि बाथरूममध्ये उपडी केली. निळं पाणी फरशीवरून मोरीत गेलं. नळ्यांमधून निळं जाईपर्यंत मी पाणी खेळवत राहिले. मग बॅटरीवाल्याकडून आणलेलं शुद्ध पाणी भरलं, कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि ठोकळा चिपवर चढवायला घेतला.

"टेस्ट अजून झालेली नाही," बाबा मागून म्हणाले. "आठवडा पुन्हा मोजायला हवा. खरंच सांगतोय. आता खरंच बघायला हवं."

"तुम्ही आता बघायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही आत जाऊन बसा."

मला वाटलेलं वाद घालतील. ते गेले. स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसल्याचा आवाज आला. आईने स्टो पेटवला.

स्क्रू मी एकटीने आवळले. त्या मशीनशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं आणि बाबांच्या नजरेखालून न गेलेलं काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. सांध्यांखाली कागद पसरले, प्लग लावला, पंप सुरू केला. नळ्यांमधून हवा गुडगुडत पुढे सरकली, ठोकळ्यात शिरली, बाहेर पडली. मी सांध्यांकडे बघत राहिले. मग मशीनचं बटण दाबलं. पडदा उजळला.

"गळतंय का?" आतून बाबांनी विचारलं.

आवाजावरून माणूस ओळखायची आमच्या घराची विद्या मला चांगली येते. त्यांना कुठलं उत्तर हवं आहे ते मात्र मला कळेना.

मी प्रत्येक कागद पुन्हा चाचपला. "नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

आत नुसता स्टो फरफरत होता. मग आई हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, डोळे पुसा ते. ती बघेल ना."